लोणारच्या मापाचे पोर्सेलीनचे ताट कसे घडवावे

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तर खोली सुमारे १५० मीटर आहे. काठावरून ते खोल वाडग्यासारखे भासते. मात्र रुंदी खोलीच्या बारापट असल्याने मापाने ते उथळ ताटच आहे, आणि ते घडवताना डोळ्यापेक्षा मापावर विश्वास ठेवावा, असे मला वाटते.

पोर्सेलीनसाठी केओलिन (शुद्ध पांढरी माती) ५० भाग, फेल्डस्पार (भट्टीत वितळून माती सांधणारे खनिज) २५ भाग आणि गारगोटीची पूड २५ भाग हे जुने, भरवशाचे प्रमाण आहे. कोरडी पूड हाताळताना तोंडाला मास्क लावावा. ही माती वाळताना व भाजताना मिळून सुमारे १४ टक्के आटते असे धरले, तर २४ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर खोल ताटासाठी चाकावर २८ आणि २.३ सेंटिमीटर माप घ्यावे लागते. आपल्या मातीची आट आधी १० सेंटिमीटरची रेघ ओढलेली पट्टी भाजून मोजावी.

ताट चाकावर बसवलेल्या पाटावरच घडवून पाटासकट उचलावे, कारण ओलेपणी आलेला बाक हाताने सरळ केला तरी भट्टीत परत उमटतो. तळ काठाकडून मध्याकडे दाबून घट्ट करावा, नाहीतर वाळताना मधोमध तडा जातो. विदर्भातील मे महिन्याच्या झळांमध्ये काठ तळाच्या आधी वाळतो. म्हणून काठावर प्लास्टिक ठेवून ताट बंद खोलीत आठवडाभर सावकाश वाळवावे.

शेतातील काळी माती पोर्सेलीनमध्ये मिसळू नये. तिच्यातील लोहामुळे पांढरेपणा जातो, आणि ज्या फुगण्या-आटण्यामुळे उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात, त्याच गुणामुळे भांडेही फुटते. तिची खरी जागा बाहेरच्या लेपात आहे, कारण १२८० अंश सेल्सिअसच्या आसपास ती वितळून तपकिरी ते काळपट ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर, बनते. माती भिजवून बारीक चाळणीतून गाळावी, वाळवावी आणि निम्मी माती पहिल्या भाजणीत वाटीत ठेवून भाजून घ्यावी. भाजलेली माती आटत नाही, त्यामुळे लेपाला किती भेगा पडाव्यात हे तिच्या प्रमाणावर ठरते: कच्ची माती वाढवली की भेगा वाढतात, फार वाढवली की पापुद्रे सुटतात. वावरागणिक माती बदलते, म्हणून ताटाआधी लहान तुकड्यांवर चाचणी अवश्य घ्यावी. विवर अभयारण्यात असल्यामुळे तेथील दगड-माती मात्र उचलू नये. जवळच्या वावरातील माती मालकाला विचारून घ्यावी.

पहिली भाजणी १००० अंशांपर्यंत करावी. नंतर आतून पारदर्शक ग्लेझ आणि बाहेरच्या उतारावर काळ्या मातीचा लेप द्यावा, तळाचे कडे पुसून कोरे ठेवावे आणि गॅसच्या किंवा विजेच्या भट्टीत ताट १२८० अंशांपर्यंत न्यावे. कुंभाराच्या उघड्या आव्यात एवढी उष्णता होत नाही. चढताना आणि उतरताना ५७३ अंशांच्या आसपास गारगोटी एकाएकी आकार बदलते, तेथे घाई केल्यास ताट तडकते. भट्टी १०० अंशांखाली आल्याशिवाय उघडू नये.