हेलिओस ४४-२ ओळखायची आणि वापरायची कशी

पूर्वी झेनिट या सोव्हिएत कॅमेऱ्यांसोबत येणारी ही ५८ मिमी, एफ/२ (छिद्र सर्वांत जास्त उघडल्यावरचा आकडा) लेन्स माझी सर्वांत लाडकी. पुढच्या कडेवरचा क्रमांक वाचा: पहिले दोन आकडे बहुधा निर्मितीचं वर्ष सांगतात. ७८ म्हणजे १९७८. काचेतून टॉर्च मारा. जाळ्यासारखी बुरशी दिसली तर घेऊ नका, थोडी धूळ चालते.

आटे एम४२ चे, म्हणजे ४२ मिमी व्यासाचे, त्यामुळे मिररलेसला (आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्याला) साधा अडॅप्टर पुरतो. मेनूत ‘लेन्सविना शटर’ सुरू करा. अ‍ॅपर्चरच्या (प्रकाश आत येण्याच्या छिद्राच्या) रिंगा दोन: एकीवर एफ/८ लावून ठेवा, दुसरी पूर्ण उघडून फोकस करा, मग ती अडेपर्यंत फिरवा. मला मात्र एफ/२ च हवा असतो! माणूस दीड मीटरवर, मागे दूर पानांची दाटी असली की पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरते. फोकस डोळ्यांवर झूम करूनच लावा.