ओपनसीव्हीने चित्र दाखवताना: रिकामी खिडकी, निळे चेहरे, मराठी फाइलनावे

ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी लायब्ररी पायथनसाठी बसवायला टर्मिनलमध्ये ‘पिप इन्स्टॉल ओपनसीव्ही-पायथन’ चालवा. ‘हेडलेस’ आवृत्ती घेऊ नका; तिच्यात खिडकी उघडण्याची सोयच नसते.

‘इमरीड’ने चित्र वाचल्यावर लगेच उत्तर ‘नन’ (म्हणजे ‘काहीच नाही’) आहे का ते तपासा. फाइल सापडली नाही तरी हे फंक्शन थांबत नाही, ‘नन’ परत करते. मग कोड पुढे कुठेतरी कोसळतो आणि चूक भलतीकडेच शोधली जाते. विंडोजवर फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात देवनागरी असेल, तर पत्ता बरोबर असूनही बहुतेकदा हेच होते. अशा वेळी नमपाय या आकड्यांच्या लायब्ररीतल्या ‘फ्रॉमफाइल’ने बाइट ‘यूइंट८’ प्रकारात वाचा आणि ‘इमडीकोड’ला द्या. मराठी नावे बदलण्याची गरज नाही.

चित्र दाखवणाऱ्या ‘इमशो’नंतर कळ दाबेपर्यंत थांबणारे ‘वेटकी(०)’ हवेच, नाहीतर खिडकी रिकामी राहते किंवा क्षणात मिटते. चित्र पडद्यात मावत नसेल तर आधी ‘नेम्डविंडो’ला ‘विंडो_नॉर्मल’ द्या.

आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब लायब्ररीने चित्र दाखवले तर चेहरे निळसर दिसतात, कारण ओपनसीव्ही निळा-हिरवा-लाल असा क्रम ठेवते आणि मॅटप्लॉटलिबला उलटा हवा असतो. ‘सीव्हीटीकलर’ला ‘कलर_बीजीआर२आरजीबी’ द्या. मॅटप्लॉटलिबमध्ये कृष्णधवल चित्र हिरवे-पिवळे दिसले तर रंगसंगती ठरवणाऱ्या ‘सीमॅप’ला ‘ग्रे’ द्या.