टाकळा: खुडणं, भाजी आणि बियांचा लेप

पाऊस लागला की माळावर, बांधावर, पडीक जागेत टाकळा आपोआप उगवतो. विदर्भात यालाच तरोटा म्हणतात. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईच्या रानातही तो माजलेला दिसतो. भाजीचे दिवस मात्र मोजके. रोप वीतभर उंच होईपर्यंतच शेंडे खुडावेत. पिवळी फुलं धरली की पानं चिवट होतात आणि कडवटपणा शिजवूनही जात नाही. डांबरी रस्त्याची कड, गटार आणि तणनाशक मारलेलं शेत टाळाच.

ओळख पक्की हवी. टाकळ्याच्या एका पानाला पर्णिकांच्या, म्हणजे देठावरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात, टोकाकडे रुंद आणि गोलसर, लांबून मेथीसारख्या. संध्याकाळी त्या मिटतात, म्हणून सकाळी खुडलेलं बरं. गफलत होते ती कासविंद्याशी. त्याच्या जोड्या चार-पाच, पर्णिका लांबट आणि टोकदार. त्याच्या बिया लहान मुलांनी खाल्ल्या तर यकृत, मेंदू आणि स्नायूंना विषबाधा होते. अगदी कोवळ्या रोपात जोड्या कमी भरतात, तेव्हा पर्णिकेचं टोक बघा. शंका असेल तर सोडून द्या.

चौघांसाठी चिरलेली पानं चार वाट्या, दोन तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ दोन मोठे चमचे, एक मोठा कांदा, लसणाच्या सहा पाकळ्या, दोन-तीन हिरव्या मिरच्या, पाव वाटी ओलं खोबरं. जाड देठ काढून पानं तीन पाण्यांतून धुवा, निथळा आणि मगच चिरा. दोन मोठे चमचे तेलात ठेचलेला लसूण, मिरची, मग कांदा. कांदा मऊ झाला की डाळ आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवा. डाळ बोटाने दाबली जाईपर्यंत पाला घालायचा नाही. पाला दहा मिनिटांत शिजतो, त्यात डाळ शिजत नाही. बहुतेकांची भाजी इथेच बिघडते. पाला झाकण न ठेवता परता, म्हणजे उग्र वास उडतो. मीठ शेवटी, कारण ढीगभर पाला बसून मूठभर होतो आणि आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. खोबरं घालून उतरवा. कोकणात उकडलेल्या फणसाच्या आठळ्या घालतात, आणि त्या घातलेली भाजी जास्त चांगली लागते. पानं थोडी जून निघाली तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून पिळून घ्या.

टाकळा सारक आहे. पहिल्यांदा खाणाऱ्याने लहान वाटीभरच घ्यावा. पोट आधीच बिघडलेलं असेल तर नको, आणि गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आयुर्वेदात हाच चक्रमर्द. गजकर्णावर बियांचा लेप ही जुनी रीत आहे: शेंगा वाळल्या की बिया काढायच्या, चमचाभर बिया आंबट ताकात रात्रभर भिजवून बारीक वाटायच्या, लेप पंधरा-वीस मिनिटं ठेवून धुवायचा आणि जागा कोरडी करायची. काही जण ताकाऐवजी लिंबाचा रस घेतात. खाजवून सोललेल्या कातडीवर तो भयंकर झोंबतो. आधी कोपराच्या आत थोडासा लावून एक दिवस थांबा. चेहऱ्यावर, जांघेत आणि लहान मुलांना लावू नका. चट्टा पसरत असेल किंवा दोन आठवड्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. दुकानातून मनानेच स्टेरॉइडचं मलम आणलं तर गजकर्ण आणखी पसरतं.

बिया काळपट होईपर्यंत भाजून कॉफीसारखी पूडही करतात. कच्च्या बिया मात्र खायच्या नाहीत.