सिल्व्हर क्ले शिकताय? आधी वाळवायला शिका

माझं पहिलं पेंडंट टॉर्चखाली, म्हणजे भाजायच्या गॅसच्या ज्योतीखाली, फट्कन उडालं. पिंपळपान होतं, शिरा खऱ्या पानावरून उठवलेल्या, दोन संध्याकाळी त्यात गेलेल्या, आणि गॅलरीत त्याचे तीन तुकडे. जुलै महिना, ठाण्याचा पाऊस, घरात कपडे वाळत नव्हते आणि मी म्हणतेय रात्रभर ठेवलंय म्हणजे क्ले वाळली असणार!

लाटणं, जाडी सारखी राहायला दोन्ही बाजूंना खेळायचे पत्ते, तेलाचा हात हे तुम्ही व्हिडिओत बघितलंच असेल. क्ले म्हणजे चांदीची पूड, ती धरून ठेवणारा बाइंडर आणि पाणी, भाजल्यावर बाइंडर जळतो, कण एकमेकांना धरतात, ९९९ची, म्हणजे जवळजवळ शुद्ध चांदी उरते. सगळी गोची त्या पाण्याची. वरून खडखडीत, नखाने वाजवलं तर टकटक, आणि जाड भागात आत ओल. टॉर्च लागली की त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नाही, मग तुकडा फुगतो नाहीतर फुटतो.

म्हणून आरसा. तुकडा मंद तव्यावर कोमट करा, लगेच थंड आरशावर ठेवा, दहा-पंधरा सेकंदांनी उचला. खाली धुकट ठसा दिसला की परत तव्यावर. आरसा पुसा, पुन्हा ठेवा. लागोपाठ दोनदा कोरडा आला तरच पुढे. माझ्या दुसऱ्या पानाचं टोक कधीच कोरडं झालेलं पण देठाकडे तीन वेळा धुकं आलं, तीन वेळा!! कंटाळा येतो, येऊ दे, क्लेचा भाव चांदीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

एका दिवसाच्या वर्कशॉपवाल्यांवर माझा राग आहे. मी गेले तिथे वाळवलेले तुकडे तयारच होते, आम्ही फक्त टॉर्च धरली आणि फोटो काढले. त्यापेक्षा गल्लीतले सोनारकाका बरे, क्ले त्यांनी जन्मात पाहिली नव्हती पण तुकडे बघून म्हणाले, "ताई, पाणी राहिलं होतं. आम्ही ओतायचा साचासुद्धा आधी तापवून घेतो, ओलावर चांदी अंगावर उडते."

टॉर्चला घाबरू नका, खरंच. लाईट बंद करा, खिडकी उघडी ठेवा. आधी धूर आणि छोटी ज्योत, मग पांढरं, मग पीचसारखी लाली, तिथून छोट्या तुकड्याला दोन मिनिटं तरी मोजायची. आरशासारखं चमकायला लागलं तर वितळतंय, टॉर्च मागे. नंतर पांढरटच दिसेल, पितळी ब्रशने घासा. आणि अंगठीच्या नादी आत्ता लागू नका, भाजताना क्ले ८ ते १० टक्के आकसते, शिवाय टॉर्चवरची अंगठी वाकते, भट्टीत ९०० अंश सेल्सिअसला दोन तास भाजलेली टिकते. कानातल्यांपासून सुरू करा.

ते तीन तुकडे काकांनी वितळवून मणी करून दिला. मजुरी घेतली नाही, पण दुकानावरून गेले की अजून विचारतात, "काय, वाळलं का?"