ऑक्टोबर छाटणीआधी मातीतलं तांबं तपासा

द्राक्षाची छाटणी तोंडावर आली की नाशिकच्या घराघरांत मोरचूदाची पोती येऊन पडतात. यंदा ती फोडण्याआधी हिशोब मांडा. एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक द्रावण) म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद, आणि मोरचूदात पाव हिस्सा तांबं. एकरी ४०० लिटर मारलं की एका फवारणीत १ किलो तांबं बागेत उतरलं. ते कुजत नाही, वरच्या वीतभर मातीत साचत जातं. युरोपियन युनियनमध्ये हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोची मर्यादा आहे. एकराला वर्षाचे सरासरी जेमतेम १.६ किलो!

साचलेलं तांबं घालवायला 'धातू खाणारे जिवाणू' म्हणून कुणी बाटली दाखवली तर भुलू नका. धातू सोसणारे जिवाणू खरेच असतात. १९७६ साली बेल्जियममधल्या जस्ताच्या कारखान्यातल्या गाळात असा एक सापडला, क्युप्रियाव्हिडस मेटॅलिड्युरान्स. पेशीत शिरलेला धातू तो पंपासारखा बाहेर फेकतो. पण बाहेर म्हणजे कुठे? मातीतच. काही जिवाणू क्रोमियमचं जहाल रूप सौम्य करतात, हे मोलाचं काम आहे. तरी क्रोमियम रानातच राहतं. उलट आपल्या उपयोगाचे, पिकाला हवेतला नत्र मिळवून देणाऱ्या रायझोबियमसारखे जिवाणू धातूंपुढे लवकर हार मानतात.

बागलाण-मालेगावच्या डाळिंबवाल्यांनीही हे मनावर घ्यावं. डाळिंबावरचा तेल्या रोग जिवाणूजन्य आहे. सतत तांबंच मारलं तर तांब्याला न जुमानणारे जिवाणू मागे उरण्याचा धोका असतो.

सातपूर-अंबडच्या बाजूला रान असेल तर कारखान्याचा गाळ फुकट मिळाला तरी उतरवून घेऊ नका. प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) गाळात क्रोमियम, निकेल, जस्त असतं. रासायनिक सांडपाणी मिसळलेल्या नाल्यावर पालक, मेथी, कोथिंबीर तर नकोच. पालेभाज्या कॅडमियम पटकन उचलतात.

बोर्डो लागेल तेवढंच करा, पण नीट करा. घासलेला लोखंडी खिळा द्रावणात थोडा वेळ धरा. लालसर थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी चुन्याची निवळी घाला. ओलांड्याखाली (वेलीच्या आडव्या फांदीखाली) कुजलेलं शेणखत टाका, त्यानं तांबं जखडलं जातं.

देठ परीक्षणावर विसंबू नका, देठाला फवाऱ्याचं तांबं चिकटलेलं असतं. मातीच तपासा. वरच्या अर्ध्या फुटातली माती आठ-दहा ठिकाणांहून लाकडी खुंटीनं उकरा, प्लॅस्टिकच्या स्वच्छ बादलीत कालवा आणि कोऱ्या पिशवीत भरा. खताची जुनी गोणी किंवा पत्र्याचं घमेलं वापरू नका. प्रयोगशाळेत तांबं, जस्त नाव घेऊन मागा. नाल्याकाठचं रान असेल तर क्रोमियम आणि कॅडमियमही.