नाशिकहून मनालीला, जानेवारीत: गाडीची आणि आपली तयारी

थंडी नाशिककरांना नवी नाही. निफाडला पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. पण बर्फावर गाडी चालवणं वेगळं, आणि कसारा घाट भर पावसात कितीही वेळा उतरलेला हात तिथे नवखाच असतो. गेल्या जानेवारीत सोलंगच्या वाटेवर, सावलीतल्या एका वळणावर मी ब्रेक दाबला; चाकं थांबली, गाडी मात्र सरकत राहिली. वेग जेमतेम १५ चा होता. रस्ता नुसता ओला दिसत होता, प्रत्यक्षात तो काचेसारखा बर्फाचा थर होता. कठड्याच्या दोन हात अलीकडे गाडी थांबली. मागे मुलं झोपलेली होती. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

पहिली तयारी सुट्टीची. अंतर १८०० किलोमीटरच्या आसपास आहे. नाशिकच्या द्वारका चौकातून आग्रा रोड धरायचा. इंदूर, ग्वाल्हेर, कर्नाल, मंडी असे चार मुक्काम करायचे आणि पाचव्या दिवशी दुपारी, उजेडात मनाली गाठायची. यावर दोन दिवस मोकळे ठेवा. पश्चिमी झंझावात आला की बर्फ पडत राहतो, रस्ते बंद होतात, आणि सोमवारी कामावर हजर व्हायचंच असेल तर माणूस नको त्या वेळी गाडी बाहेर काढतो. ग्वाल्हेरच्या पुढचं धुकंही तितकंच घातक आहे. सकाळी ते विरल्याशिवाय निघू नका, आणि धुक्यात अप्पर लावू नका, डिपरवरच चला.

गाडी तीन आठवडे आधी गॅरेजला दाखवा. आपल्याकडे रेडिएटरमध्ये साधं पाणी टाकून भागतं. तिथे ते गोठलं तर इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर उणे ३५ अंशांपर्यंत काळजी नाही. बॅटरी तपासून घ्या, कारण शून्य अंशाला तिची स्टार्ट करायची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते. वायपरच्या टाकीतही न गोठणारं द्रावण हवं. टायरच्या नक्षीची खोली कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, बर्फासाठी मात्र ४ च्या खाली असेल तर टायर बदलूनच निघा. दर ५-६ अंश थंडीमागे हवा सुमारे १ पीएसआय उतरते, म्हणजे नाशिकच्या दुपारी भरलेली हवा मनालीच्या पहाटे चार-पाचने कमी भरेल. तिथे पोहोचल्यावर पुन्हा तपासा. डिझेल गाडी असेल तर मैदानातल्या डिझेलने टाकी भरून वर जाऊ नका. कडाक्याच्या थंडीत त्यातलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. कुल्लूच्या पुढे भरा.

आता बर्फावर पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या. हे काम घरीच शिका. आम्ही इंदिरानगरला पार्किंगमध्ये रात्री, पातळ रबरी हातमोजे घालून सराव केला. बायको मोबाईलचा उजेड धरून उभी होती. पहिल्यांदा ४० मिनिटं लागली. आतल्या बाजूचा हूक दिसत नाही, तो बोटांनी चाचपूनच अडकवावा लागतो. साखळी टायरमागे पसरायची, गाडी वीतभर मागे घ्यायची, मग टोकं जोडायची. चौथ्या रात्री १२ मिनिटांवर आलो. साखळ्या इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच लावायच्या. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची असतात. थोडं अंतर गेल्यावर उतरून पुन्हा ताणा, वेग ३० च्या आत ठेवा, आणि कोरडं डांबर लागलं की काढून टाका.

चालवताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ब्रेकवर, म्हणजे इंजिनालाच वेग रोखू देत उतरा. एबीएसचं (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) पेडल पायाखाली थडथडलं तरी पाय उचलू नका. पुलांवर आणि सावलीत डांबर काळं चकाकलं तर तिथे बर्फ आहे असंच धरा. मनालीच्या पुढचा अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे आणि ३००० मीटरहून उंचावर. अलीकडे ऊन असलं तरी पलीकडे सिस्सूला हवा निराळी असू शकते. ताजा बर्फ पडत असेल तर माझं स्पष्ट मत आहे: आपली गाडी मनालीत ठेवा आणि तिथल्या चालकाची फोर बाय फोर करा. त्या पैशांची तरतूद घरूनच करून निघा. पोलिसांनी परत फिरायला सांगितलं तर हुज्जत घालू नका.

डिकीत फावडं, टो दोरी, जंपर केबल, टॉर्च, ब्लँकेटं, थर्मास, चिक्की, खजूर आणि कांद्याची चार जुनी बारदानं असू द्या. पिंपळगावला ती सहज मिळतात, आणि जागच्या जागी फिरणाऱ्या चाकाखाली सरकवली की चाक पकड घेतं. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवावं लागलं तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, नाहीतर विषारी वायू आत शिरतो. त्याचा वास येत नाही. लेकरं आत असताना हे विसरू नका.

मुक्कामी रात्री सपाट जागा बघा. हँडब्रेक ओढू नका, तो गोठून अडकतो; गाडी गिअरमध्ये टाका, चाकांना दगड लावा आणि वायपर काचेवरून उचलून उभे ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि ऊन रस्त्यावर येईपर्यंत चहा घेत थांबा.