‘हव साहेब’ ऐकून पुढे जाऊ नका : नव्या शिफ्ट सुपरवायझरसाठी

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत डिप्लोमा, डिग्री करून नुकतेच सुपरवायझर झालेल्यांसाठी हे लिहितो आहे. मशीन, ड्रॉइंग, उत्पादनाचा हिशोब तुम्हाला येतो असं धरून चालतो. गाडी अडते ती माणसांशी बोलताना, आणि बहुतेकांची एकाच ठिकाणी अडते.

ते ठिकाण म्हणजे "समजलं ना भाऊ?" हा प्रश्न. शॉपफ्लोअरवर त्याला ठरलेलं उत्तर आहे : "हव साहेब, होऊन जाते", म्हणजे हो, होऊन जाईल. नवा सुपरवायझर निश्चिंत होऊन पुढच्या मशीनकडे जातो आणि दोन तासांनी माल तपासणारा क्यूसीवाला रिजेक्ट मालाचा क्रेट समोर आणून ठेवतो. मग वाटतं, माणूस खोटं बोलला. तसं नसतं हो. मे महिन्यात कूलर, पंखे आणि प्रेस एकदम चालू असताना अर्धं वाक्य त्याच्या कानापर्यंत गेलेलंच नसतं. ऑपरेटर बालाघाटचा किंवा छत्तीसगडचा असेल तर तुमच्या भरभर मराठीतलं निम्मं सुटतं. ठेकेदाराचा माणूस असेल तर पुन्हा विचारायलाच घाबरतो. "याला जमत नाही" असं झालं तर उद्या गेटवरून परत. आणि पन्नाशीच्या माणसाला चार पोरांसमोर "नाही समजलं" म्हणणं जड जातं. चारही कारणं वेगळी, उत्तर मात्र तेच. म्हणून त्या उत्तरावरून काहीच कळत नाही.

प्रश्नच बदला. "काका, मी घाईत सांगितलं. काही सुटलं का बघू, तुम्ही कसं करणार ते सांगा बरं." चूक झाली असेल तर ती सांगणाऱ्याची, हे आधीच मान्य केलं की समोरचा मोकळा होतो. यालाच परीक्षेचा सूर लावलात तर तो तुमचेच शब्द पोपटासारखे परत म्हणेल आणि तुम्ही होतात तिथेच राहाल. वैमानिकसुद्धा कंट्रोल टॉवरचा आदेश परत म्हणून दाखवतो, त्यात कुणाचा अपमान नाही.

सांगतानाही चार गोष्टी पूर्ण सांगा : कोणता जॉब, किती नग, किती वाजेपर्यंत, आणि काय दिसलं की थांबायचं. चौथी हमखास राहते आणि नुकसान तिथेच होतं. "साइज बघत राहा" ही सूचना नव्हे. "दर 20 नगांनी मोजा, 24.95 च्या खाली गेलं की मशीन बंद करून मला बोलवा" ही सूचना. आकडा जॉबकार्डवर लिहूनच द्या. आवाजात पंचाहत्तर आणि पंच्याण्णव सारखेच ऐकू येतात. हातभर अंतरावर आवाज चढवावा लागत असेल तर तिथला गोंगाट साधारण 85 डेसिबल किंवा वरचा समजा आणि बोलायला माणसाला बाजूला घ्या. पहिला नग तुमच्यासमोर काढून मायक्रोमीटरने मोजायला लावा. या सगळ्याला पाच मिनिटं जातात. ती नाहीत असं कुणी म्हणालं तर रिवर्कला किती तास गेले ते त्यालाच विचारा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना टाकून मोकळं होणं हा आळस आहे. निळी टिक म्हणजे मेसेज उघडला गेला, एवढंच. हजेरी, बसची वेळ, सुट्टी यांपुरता ग्रुप ठीक. सेटिंग आणि सुरक्षेची गोष्ट समोरासमोरच. "धाक ठेव, जास्त बोलू नको" असं शिकवणारे सीनियरही पहिल्याच आठवड्यात भेटतील. ऐकू नका. धाक असतो तिथे बेअरिंगचा बदललेला आवाज ऑपरेटरला सकाळीच कळतो, तुम्हाला मशीन जाम झाल्यावर. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासला पैसे भरण्यापेक्षा एखादा जुना फोरमन कसं बोलतो ते उभं राहून बघा.

शिफ्ट बदलताना रात्री 11 चं हँडओव्हर सर्वांत धोक्याचं. बाहेर नागपूरची बस हॉर्न देत असते आणि चार्ज गेटवर चालता चालता दिला जातो. दहा मिनिटं आधी मशीनजवळ उभे राहून द्या. काय अर्धवट आहे, मशीनचं कोणतं सेफ्टी गार्ड काढलेलं आहे, कुठे तात्पुरता जुगाड केला आहे, हे लॉगबुकात लिहून दोघांच्या सह्या.

वरच्या साहेबांना वाईट बातमी सांगताना हात थरथरतात, हे माहीत आहे. लपवू नका, अशी सांगा : "तीन नंबर मशीन 11:20 पासून बंद, बेअरिंग गेलं. स्टोअरमध्ये नाही, माणूस पाठवलाय. तीनपर्यंत 400 नग कमी पडतील. बी शिफ्टला ओव्हरटाइम देऊ का?" तुमची फजिती होणार नाही, कारण शेवटी त्यांना नेमका निर्णय विचारलेला आहे. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही, त्यामुळे सुरुवातीला जीभ अडखळली तर स्वतःला कमी लेखू नका.

रागवायचं ते बाजूला नेऊन, आणि कामाबद्दल, एवढं पुरे.

तक्रारींचं मात्र मनावर घ्या. औद्योगिक संबंध संहिता, 2020 नुसार 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती लागते, तिच्यात मालक आणि कामगार यांचे सदस्य सारखेच. तुमच्याकडच्या समितीत कोण आहे ते पाठ ठेवा आणि माणसांना सांगा. पण बहुतेक गोष्टी तिथवर जाण्याआधीच रजेवरून बिघडतात. जूनमधली पेरणी, पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबत, दिवाळी, छठ : या रजा महिनाभर आधी वहीत मागून घ्या. "बघू" म्हणून टांगून ठेवू नका. नाही म्हणायचं असेल तर त्याच आठवड्यात कारणासह सांगा, म्हणजे त्याला गावाकडे दुसरा माणूस लावता येईल.